वारा, विस्तव आणि दोघांचे ताट

आमच्या घरात एके काळी चौदा माणसे जेवायला बसत. आज दोघे बसतो, मी आणि आमची मंडळी. मधली माणसे कुठे गेली हे सांगायला नको. कोणी देवाघरी गेले, कोणी मुंबईला, कोणी पुण्याला. आळीतल्या अर्ध्याअधिक घरांची हीच गत आहे. दारात चप्पलचे दोन जोड, ओटीवर दोन खुर्च्या, आणि स्वयंपाकघरात चौदा माणसांची भांडी.

श्रोतेहो, माणसे कमी झाली म्हणजे स्वयंपाक सोपा होतो असे पुष्कळांना वाटते. तसे मुळीच होत नाही. जिच्या हाताला चौदांचे माप बसलेले असते तिला दोघांचा भात जमत नाही. एक तर तो उरतो, नाहीतर करपतो. मग हळूहळू "दोघांसाठी काय चूल पेटवायची" असे शब्द ऐकू येऊ लागतात. रात्रीच्या जेवणाऐवजी चहा आणि बिस्किटे, नाहीतर सकाळचे पिठले गार तसेच. सत्तरीच्या माणसाने असे दोन-चार महिने काढले की अंगातली ताकद जाते, आणि डॉक्टर विचारतात, "काका, जेवता काय?" दोघांच्या ताटाचा प्रश्न हा असा आहे. तो चैनीचा नव्हे.

गेल्या दिवाळीला पुण्याहून मुलगा आला. त्याने एक काळी पेटी आणली. एअर फ्रायर. आकाराने पाण्याच्या लहान माठाएवढी. खाली खणासारखी ओढायची टोपली, वर दोन बटणे. "आई, यात तेलाशिवाय तळता येतं," तो म्हणाला. आमच्या मंडळींनी ती पेटी पुसली, तिच्यावर जुन्या धोतराचा तुकडा घातला आणि कपाटावर ठेवून दिली. तेलाशिवाय तळणे म्हणजे पाण्याशिवाय पोहणे, असा एकंदर अभिप्राय होता.

मी मास्तर. चाळीस वर्षे मुलांना "हे असे का होते?" म्हणून विचारत आलो. पेटी कपाटावर आणि मी पुस्तकांत, असे तीन महिने गेले. त्यातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. ही यंत्राची जाहिरात नव्हे. ते विकत घ्या असे माझे सांगणे नाही. पण त्या पेटीच्या मागे जो इतिहास आहे तो आपल्या चुलीपासूनच सुरू होतो, आणि तो सांगण्याजोगा आहे.

अन्न शिजवायचे म्हणजे उष्णता कोणाच्या तरी हाती पाठवावी लागते. भात शिजतो तो पाण्याच्या हातून. मोदक वाफेच्या हातून. वडा तेलाच्या हातून. भाकरी आधी तव्याच्या आणि मग थेट निखाऱ्याच्या हातून. भडभुंज्याची भट्टी आठवते का? लोखंडी कढईत वाळू तापवायची, तीत मीठ लावलेले तांदूळ टाकायचे, झाऱ्याने दोन हेलकावे द्यायचे, आणि चाळले की पांढरेशुभ्र चुरमुरे. तिथे उष्णतेचा हमाल वाळू. तेलाचा थेंब नाही, तरी कुरकुरीत. तेव्हा 'तेलाशिवाय कुरकुरीत' हे शब्द ऐकून आपण दचकायचे कारण नव्हते.

आणि हवेच्या हातून शिजवणे? तेही आपल्याकडे आहे. मी रायगड जिल्ह्यातला, म्हणून आमच्या पोपटीचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या, की शेतात पोपटी लागते. मातीचे मडके घ्यायचे. तळाशी भांबुर्डीचा पाला दाबून भरायचा. त्यावर शेंगा, जाडे मीठ, ओवा. मधून बटाटे, रताळी, कांदे. खाणाऱ्यांच्या घरी अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी. पुन्हा वर पाला, तो इतका घट्ट की मडके उलटे केले तरी काही पडू नये. आणि मडके खरोखरच उलटे ठेवतात. भोवती पेंढा, गवत, काटक्या रचून आग लावायची. मडक्यात पाणी घातलेले नसते, तेल नसते. आग बाहेर, अन्न आत. मधली हवा आणि शेंगांची व पाल्याची स्वतःची वाफ एवढ्यावर सगळे शिजते. मडक्यावर पाण्याचे दोन थेंब उडवायचे. ते चुर्र करून लगेच उडाले की पोपटी झाली. माझ्या वडिलांना हे कोणी शाळेत शिकवले नव्हते. बंद भांड्यातल्या कोरड्या उष्णतेचा हा उत्तम प्रयोग आहे, आणि विज्ञानाच्या तासाला शिक्षकांनी तो खुशाल सांगावा.

कोरड्या उष्णतेची आपली परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात राजाच्या भोजनाचे वर्णन करताना गव्हाचे मंडक सांगितले आहेत, आणि तळलेल्या पुऱ्या व वडेही सांगितले आहेत. मंडक म्हणजे आपले मांडे. खानदेशात आजही खापर उलटे घालून, खाली जाळ करून, पंचासारखा पातळ मांडा त्यावर टाकतात. म्हणजे आठशे-नऊशे वर्षांपूर्वी आपल्या पाकशाळेत भाजणे आणि तळणे शेजारी शेजारी नांदत होते. फरक इतकाच की तळण हे सणाचे, पाहुण्याचे, राजाचे. भाजणे हे रोजचे. शेतावर बाटी, हुरड्याच्या दिवसांत गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कणसे, घरी निखाऱ्यावर वांगे आणि राखेत रताळे. तेल हा गरिबाच्या घरी पळीने मोजायचा पदार्थ होता. कढईभर तेल ओतायचे ते दिवाळीला.

आता चुलीकडे येऊ. माझी आई पहाटे चूल पेटवायची तेव्हा तिच्या हातात पहिली वस्तू असायची ती फुंकणी. ओली लाकडे, पावसाळ्याचे दिवस, आणि फुंकून फुंकून लाल झालेले डोळे. शेवटची दहा वर्षे ती खोकत होती. विडी तिने ओढली नाही, तंबाखू खाल्ली नाही. ती फक्त चौदा माणसांचा स्वयंपाक करत होती. आम्हांला वाटायचे, बायकांचे डोळे असे वयाने जातात. ते धुराने जात होते, हे पुष्कळ उशिरा कळले.

ते ज्यांना लवकर कळले अशी माणसे होती, हे मात्र सांगितले पाहिजे. 1934 साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम मगनवाडीत बसून चालवले. तिथे तेलघाणा, कागद, मधमाश्या यांबरोबर चुलीचाही विचार झाला, आणि 'मगन चूल' या नावाची धुराडे असलेली मातीची चूल पुढे आली. हैदराबादला एस. पी. राजू नावाच्या अभियंत्यांनी बिनधुराची चूल तयार करून तिच्यावर 1953 साली पुस्तक काढले. 1983 साली सरकारने सुधारलेल्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पुढे पुण्याच्या 'आरती' या संस्थेने उसाच्या वाया जाणाऱ्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसवली. त्या कामाला 2002 साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्याच कोळशाच्या मूठभर कांड्यांवर वाफेने वरण, भात, भाजी शिजवणारा 'सराई' कुकरही त्यांनी काढला. आमच्या घरी यांपैकी काही पोचले नाही. आमच्याकडे फुंकणी होती.

फुंकणी काय करते? ती विस्तवाला वारा देते. लोहाराचा भाता तेच करतो. शेगडीसमोर पुठ्ठा हलवणारी बाई तेच करते. स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट याने 1892 च्या सुमारास जो स्टो बनवला, ज्याला आपण प्रायमस म्हणून ओळखले, त्यातही वाराच होता. पंप मारून टाकीत हवा कोंबायची, तिच्या दाबाने रॉकेल वर चढायचे, तापून त्याची वाफ व्हायची आणि निळ्या ज्योतीने जळायची. पिन मारून छिद्र साफ करणे हे माझ्या लहानपणी मुलांचे मानाचे काम होते. हजारो वर्षे माणसाने वारा विस्तवाला घातला. वारा अन्नालाच घालावा, ही कल्पना मात्र निराळी आहे, आणि ती पहिल्यांदा नीट ज्याने अमलात आणली त्या माणसाची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे.

त्याचे नाव बेंजामिन थॉम्पसन. 1753 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तो इंग्रजांच्या बाजूचा होता. तेव्हा देश सोडावा लागला. फिरत फिरत जर्मनीत बव्हेरियाच्या राजाच्या चाकरीत गेला आणि तिथे त्याला काउंट रम्फर्ड ही पदवी मिळाली. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांच्या नळ्या कोरताना त्या भयंकर तापतात हे त्याने पाहिले. उष्णता हा काही पातळ पदार्थ आहे, तो वस्तूत भरलेला असतो, असे तेव्हाच्या विद्वानांचे मत होते. रम्फर्डने म्हटले, मग कोरत राहिले तरी तो संपत का नाही? उष्णता म्हणजे गती असली पाहिजे. 1798 साली त्याने हे लिहून प्रसिद्ध केले. शिक्षक मंडळींना हा भाग परिचयाचा असेल.

पण हाच मनुष्य स्वयंपाकघरात शिरला होता हे पाठ्यपुस्तके सांगत नाहीत. म्युनिकच्या भिकाऱ्यांसाठी त्याने कामाची जागा आणि जेवणाची सोय केली, आणि हजारो लोकांना थोड्या लाकडांत जेवू घालायचे म्हणून चुलींचा अभ्यास केला. उघड्या आगीतली बहुतेक उष्णता अन्नाला न लागता धुराड्यातून निघून जाते, हे त्याने पदोपदी सांगितले. त्याने एक 'रोस्टर' बनवला. लोखंडाचे आडवे नळकांडे, पुढे दार, आत ताट. खाली लहानशी आग. आणि त्या आगीला लागून नळकांड्याच्या तळाशी दोन नळ्या. पदार्थ बराचसा शिजेपर्यंत नळ्यांची तोंडे बंद. शेवटी ती उघडायची, वरच्या बाजूने वाफ जायला वाट करून द्यायची. की बाहेरची हवा त्या तापलेल्या नळ्यांतून आत घुसून पदार्थावरून जोराने वाहू लागे, आणि वरचा पापुद्रा तांबूस, कुरकुरीत होई. श्रोतेहो, आमच्या कपाटावरच्या पेटीत यापेक्षा निराळे काय आहे? विजेची तार आणि पंखा, बस्स. दोनशे वर्षांपूर्वी वीज नव्हती म्हणून त्याने वारा नळीतून ओढून घेतला.

हवा उष्णतेचा वाईट हमाल आहे, हे इथे समजून घेतले पाहिजे. घनमीटरभर पाण्याचे वजन हजार किलो, तेवढ्याच हवेचे जेमतेम सव्वा किलो. म्हणून उकळत्या पाण्यात, म्हणजे 100 अंशांत, बोट बुडाले तर क्षणात भाजते. पण 200 अंश तापलेल्या भट्टीत बेकरीवाला हात घालून पाव काढतो आणि त्याला काही होत नाही. शिवाय पदार्थाभोवती त्याच्याच ओलाव्याचे, थोड्या थंड हवेचे एक पातळ पांघरूण बसते. ते गरम हवेला जवळ येऊ देत नाही. आपण बशीतल्या चहावर फुंकर घालतो तेव्हा काय करतो? वरचे गरम वाफेचे पांघरूण उडवून लावतो, म्हणून चहा लवकर निवतो. इथे उलटे. गरम हवेची फुंकर घातली की थंड पांघरूण उडते आणि पदार्थ लवकर तापतो. त्याचे वरचे पाणी उडून जाते. पाणी आहे तोवर पृष्ठभाग शंभर अंशांच्या फारसा वर चढत नाही. ते गेले की चढतो, आणि 140 अंशांच्या पुढे खमंगपणा झपाट्याने सुरू होतो. त्या खमंगपणाचे रसायन फ्रेंच शास्त्रज्ञ मेयार याने 1912 साली सांगितले. भाकरीचा पापुद्रा, भाजलेला पापड, खरपूस वडा हे सगळे त्याच रसायनाचे. तेल हे काम वेगाने करते इतकेच. कारण ते जड आहे आणि पदार्थाला सगळीकडून चिकटते.

रम्फर्डनंतर विलायतेत पुढे गॅसच्या आणि विजेच्या भट्ट्या आल्या. तो सगळा पाढा वाचत नाही. वारा फिरवणारा पंखा मात्र ठळकपणे दिसतो तो दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी. विल्यम मॅक्सन नावाच्या अमेरिकन कारखानदाराला लांब पल्ल्याच्या लष्करी विमानांत गोठवलेले जेवण गरम करून द्यायचे होते. 1945 च्या सुमारास त्याने एक छोटी हलकी भट्टी केली. एका वेळी सहा ताटे मावतील एवढी, आणि मागे पंखा. तिला त्याने 'वावटळ' अशा अर्थाचे नाव दिले. याच मॅक्सनची कंपनी विमाने पाडणाऱ्या चार नळ्यांच्या मशीनगनचे गाडे बनवत असे. एकाला चुलीची युक्ती सुचली तोफांच्या कारखान्यात, दुसरा मशीनगन बनवता बनवता जेवणाच्या ताटाकडे वळला. यावर मी काही भाष्य करत नाही. 1947 साली मॅक्सन वारला. पंख्याची कल्पना राहिली आणि पुढे मोठमोठ्या हॉटेलांच्या, बेकऱ्यांच्या भट्ट्यांत गेली.

आपल्या देशात त्या काळी निराळ्याच दिशेने विचार चालू होता, आणि तो माझ्या विषयाला अधिक जवळचा आहे. कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी 1910 साली 'इक्मिक' कुकर काढला. डब्यावर डबा, खाली कोळशाची लहानशी शेगडी, भोवती पाण्याची वाफ. भात, वरण, भाजी एकाच वेळी चढवायची आणि कामाला निघून जायचे. परत यावे तो जेवण तयार आणि गरम. हा कुकर कोणासाठी होता? मोठ्या वाड्यासाठी नव्हता. तो होता खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी, बदलीच्या गावी गेलेल्या कारकुनासाठी, नवराबायकोच्या बिऱ्हाडासाठी. आपल्याकडे स्वयंपाकाचे साधन पहिल्यांदाच 'थोड्या माणसांसाठी' म्हणून तयार झाले असेल तर ते हे, असे माझे मत आहे. एरवी आपले स्वयंपाकशास्त्र भरल्या घराचे. 1875 साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' मराठीत छापले गेले, 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' आले. घरात दोनच माणसे उरतील आणि तीही म्हातारी असतील, अशी कल्पना त्या काळी कोणी कशाला करील!

नंतरची पावले झपाट्याची आहेत. 1955 च्या सुमारास मुंबईत सिलिंडरचा गॅस मिळू लागला. 1679 साली देनी पापँ या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये दाखवलेले वाफ कोंडणारे भांडे 1959 च्या सुमारास प्रेशर कुकर होऊन भारतीय कारखान्यांतून बाहेर पडू लागले. खेड्यातल्या गरीब घरांत गॅस खऱ्या अर्थाने शिरला तो 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर. आणि तरीही सिलिंडर भरून आणायला पैसे नाहीत म्हणून मागल्या दारी चूल पेटलेली मी डोळ्यांनी पाहतो.

विजेचे म्हणाल तर आमचा जिल्हा मागे नव्हता. खोपोलीला 1915 साली टाटांचे जलविद्युत् केंद्र सुरू झाले. घाटावरच्या तळ्यांचे पाणी खाली आणून वीज केली, आणि ती तारांवरून गेली मुंबईच्या गिरण्यांना. कोयनेची वीज आली 1962 साली. पोपटीच्या शेतावरून त्या तारा जाताना आम्ही लहानपणी बघायचो. खाली पेंढ्याची आग आणि वर तार. घरात दिवा लागला तो फार मागाहून.

आता पेटीचा जनक. हॉलंडमध्ये फ्रेड व्हॅन डर वाय नावाचा एक गृहस्थ होता. घरी कमी तेलात बटाट्याच्या चांगल्या फोडी का होऊ नयेत, या हट्टाने तो 2005 च्या सुमारास कामाला लागला. त्याचा पहिला नमुना कुत्र्याच्या खोपटाएवढा होता: लाकूड, ॲल्युमिनियम आणि कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी. हे वाचले आणि मला तो मनुष्य एकदम गावातला वाटू लागला. पुढे त्याने आकार लहान केला, अंड्यासारखा केला. वर तापणारी तार, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली, आणि टोपलीच्या खालून वारा पुन्हा वर फिरावा अशी रचना. फिलिप्स कंपनीने ती घेतली आणि 2010 साली बर्लिनच्या प्रदर्शनात 'एअरफ्रायर' या नावाने मांडली. नाव तळणीचे, काम भट्टीचे. नावानेच माल खपला असावा, असा माझा संशय आहे. 'छोटी वाऱ्याची भट्टी' म्हटले असते तर कोणी वळून पाहिले नसते.

मोठ्या भट्टीत आणि हिच्यात तत्त्वाचा फरक नाही. फरक आकाराचा आहे, आणि दोघांच्या घरात आकार हाच महत्त्वाचा. पोकळी लहान म्हणून ती लवकर तापते; वारा जवळून फिरतो म्हणून त्याचा जोर टिकतो. कढईचे बघा. चार वडे तळायचे असोत की चाळीस, वडा बुडेल एवढे तेल ओतावेच लागते. चाळीस वड्यांत ते तेल संपत तरी येते. चार वड्यांत ते उरते. मग ते झाकून ठेवा, पुन्हा तापवा, काळे होईपर्यंत वापरा. म्हणून दोघांच्या घरात तळण बंद पडते किंवा जुने तेल पोटात जाते. टोपलीत चार वड्यांना चार वड्यांपुरतीच उष्णता आणि चमचाभर तेल लागते. शिवाय कढईपुढे अर्धा तास उभे राहावे लागत नाही. आमच्या मंडळींचे गुडघे गेलेले आहेत. तेव्हा हा मुद्दा मला तेलापेक्षाही मोठा वाटतो.

हिशेबही सांगतो. 1500 वॉटची पेटी वीस मिनिटे चालली तर अर्धा युनिट वीज. पण ती सुमारे साडेसहा ॲम्पिअर विद्युत्प्रवाह ओढते. म्हणून दिव्याच्या, पंख्याच्या लहान प्लगात तिला लावू नये. पंधरा-सोळा ॲम्पिअरचा मोठा प्लग हवा आणि अर्थिंग चांगले हवे. जुन्या घरांत पुष्कळ वेळा ते नसते. आमच्याकडे नव्हते. वायरमनला बोलावून ते आधी करून घेतले, मग धोतराचा तुकडा काढला.

पहिल्या दिवशी कांदाभजी करायला घेतली आणि फजिती झाली. पातळ पीठ तेलात पडते तेव्हा ते क्षणात आळते. वाऱ्यात ते आळायच्या आत जाळीतून खाली गळते. भजी, जिलबी, पुरी यांना तेलच पाहिजे, इथे पेटीचे काम नाही. पापड टाकला तर तो वाऱ्याने उडाला आणि वरच्या तारेला जाऊन चिकटला. मंडळी म्हणाल्या, "अहो, हे यंत्र आहे की पतंग?"

पण वाफवून घेतलेल्या अळूवड्या आणि कोथिंबीर वड्या, त्यांना बोटाने तेल लावून 180 अंशांत बारा-पंधरा मिनिटे ठेवल्या, मधे एकदा उलटल्या, की चांगल्या होतात. कारल्याचे, सुरणाचे काप होतात. रवा लावलेला बांगडा होतो, आणि त्याच्यासाठी तेल जळल्याचा वास घरभर फिरत नाही. भरताचे एक वांगे, चिरा देऊन, तेलाचा हात लावून, 200 अंशांत वीस-पंचवीस मिनिटांत मऊ होते. निखाऱ्याची चव येत नाही हे कबूल करतो. मूठभर शेंगदाणे 160 अंशांत आठ-दहा मिनिटांत खमंग भाजतात. टोपली गच्च भरायची नाही, वाऱ्याला वाट ठेवायची, हा एकच मोठा नियम. बटाटा, रताळे यांसारखे पिठूळ पदार्थ सोनेरी झाले की काढावेत, काळपट होऊ देऊ नयेत. फार भाजलेल्या पिठूळ पदार्थांत ॲक्रिलमाइड नावाचे नको असलेले द्रव्य तयार होते, हे स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी 2002 साली दाखवून दिले आहे. तळताना आणि भाजताना दोन्हीकडे ते होते. पेटी त्याला अपवाद नाही.

आणि भात, वरण, आमटी, भाकरी? ते गॅसवरच. पेटीने स्वयंपाकघर चालत नाही. तिने एवढेच झाले की रात्रीच्या वरणभाताशेजारी ताटात दोन कुरकुरीत काप येऊ लागले, आणि काप आहेत म्हटल्यावर वरणभातही ताजा होऊ लागला. बिस्किटांचा पुडा आठवडाभर पुरतो आता.

यंदाच्या थंडीत परसात वालाच्या शेंगा भरल्या. दोघांसाठी शेतात जाऊन पोपटी कोण लावणार? पेंढा कोणी आणायचा, मडके कोणी उलटे करायचे? एका संध्याकाळी मंडळींनीच विषय काढला. "तुमच्या त्या रम्फर्डाला विचारा, पोपटी होईल का?" मी बांधावरून भांबुर्डीचा पाला आणला. टोपलीत पाला, त्यावर ओंजळभर शेंगा, दोन लहान बटाटे, मीठ, ओवा, वर पुन्हा पाला. बटण दाबले आणि दोन मिनिटांत जळका वास. वरचा पाला उडून तारेला लागला होता. पापडाची गोष्ट विसरलो होतो. प्लग काढला, पेटी निवू दिली, तार पुसली. मग मंडळींनी शेंगा पाल्यात नीट गुंडाळल्या, दोऱ्याने बांधल्या, आणि ती मोटली उडू नये म्हणून तिच्यावर चहाची स्टीलची बशी उपडी ठेवली. 200 अंश, वीस मिनिटे, आणि पुढे पाच मिनिटे तशीच बंद.

दोरा सोडला तेव्हा भांबुर्डीचा वास ओटीपर्यंत आला. आम्ही दोघे ओटीवरच बसलो, मधे परात. एक शेंग सोलून मी विचारले, "काय गं, पोपटीसारखी लागते का?"

त्या जरा वेळ चावत राहिल्या. "शेंग शिजलीय. पण शेतातल्या पोपटीला धूर असतो, तो यात नाही." आणि मग हसून म्हणाल्या, "तुमच्या आईंना आवडली असती."

मीठ थोडे कमी पडले होते.